दिवेलागणीच्या आत बंदर : ‘ड्रेज’ या खेळाविषयी

हर्णै बंदरात १ जूनला यांत्रिक नौकांची मासेमारी बंद होते ती ३१ जुलैपर्यंत बंदच राहते. नौका वाळूवर ओढून त्यांच्यावर ताडपत्री आणि झावळ्या बांधल्या जातात, संध्याकाळच्या लिलावाची गडबड थांबते, बर्फाच्या गाड्या येईनाशा होतात, आणि ज्या घरांचा दिवस बोट कधी सुटली आणि कधी लागली यावर मोजला जातो, त्या घरांत एकदम रिकामा वेळ येऊन पडतो. हा वेळ मी गेली काही वर्षे व्हिडिओ गेम खेळण्यात घालवतो. यंदाच्या पावसाळ्यात ‘ड्रेज’ हा खेळ मी दुसऱ्यांदा, आणि या वेळी अगदी सावकाश, शेवटापर्यंत खेळलो. मासेमारीवर बेतलेला हा खेळ मासेमारीच्याच घरात वाढलेल्या माणसाला कसा वाटतो, हे नीट लिहून ठेवावे असे तेव्हापासून मनात होते.

‘ड्रेज’ हा न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्चच्या ब्लॅक सॉल्ट गेम्स या कंपनीचा पहिलाच खेळ. चौघांनी मिळून सुरू केलेली ही कंपनी. ३० मार्च २०२३ रोजी टीम१७ या प्रकाशकातर्फे तो संगणकावर आणि प्लेस्टेशन, एक्सबॉक्स, स्विच या कन्सोलवर, म्हणजे खास खेळांसाठीच्या यंत्रांवर, एकाच दिवशी आला आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपर्यंत त्याच्या दहा लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये तो मोबाइलवरही आला. आपल्याकडच्या वाचकांसाठी हीच खरी बातमी आहे, कारण कोकणात कन्सोल असलेली घरे मोजकी आहेत आणि फोन मात्र प्रत्येकाच्या हातात आहे. नावाचा अर्थ खाडीकाठच्या लोकांना वेगळा सांगावा लागणार नाही. गाळ आणि रेती उपसणारे ड्रेजर आपण सगळ्यांनीच पाहिले आहेत, आणि या खेळातही मासे धरण्याइतकेच महत्त्वाचे काम म्हणजे बुडालेल्या जहाजांच्या अवशेषांतून लाकूड, लोखंड, कापड आणि काही विलक्षण वस्तू वर उपसून काढणे, हेच आहे.

गोष्टीची सुरुवात साधी आहे. एका मच्छीमाराची बोट धुक्यात खडकावर आपटून फुटते आणि तो ग्रेटर मॅरो नावाच्या एका बेटावरच्या गावात शुद्धीवर येतो. गावचा नगराध्यक्ष त्याला दुसरी बोट देतो, पण ती उधारीवर. मासे विकून ते कर्ज फेडायचे आणि मग पुढचा विचार करायचा. मला ही सुरुवात फार आवडली, कारण खेळाच्या पहिल्या पाच मिनिटांत नायकाच्या हातात तलवार न देता डोक्यावर कर्ज ठेवणे ही गोष्ट किनाऱ्यावरच्या जगण्याची जाण असल्याशिवाय सुचत नाही. आमच्याकडे हंगामाच्या तोंडावर व्यापाऱ्याकडून उचल घेऊन बोट पाण्यात लोटणारी माणसे आहेत, आणि त्यांचा पहिला महिना मासळीच्या मागे जातो की उचलीच्या मागे, हे त्यांनाच विचारावे.

या खेळाचे खरे बळ बोटीच्या पोटात आहे. तिथली जागा चौकोनी घरांमध्ये विभागलेली आहे आणि प्रत्येक माशाला स्वतःचा आकार आहे. लहान मासा दोन घरांत मावतो, वाम वाकडीतिकडी पसरते, मोठा मासा अर्धी बोट अडवतो. मासा फिरवून, उलटा करून, दुसऱ्याला जरा सरकवून तो बसवावा लागतो. इंजिन, गळ, जाळे, दिवे हे सारे त्याच पोटातली जागा खातात, त्यामुळे वेग हवा की माल हवा, उजेड हवा की मोठा गळ हवा, असा हिशेब सतत चालू राहतो. यंदा एका संध्याकाळी माझ्या बोटीत नेमकी तीन घरे रिकामी होती आणि गळाला जो मासा लागला तो चार घरांचा निघाला. आधी धरलेले दोन लहान मासे पाण्यात टाकावे, की हातातला मोठा सोडून द्यावा, या विचारात मी पाच-सहा मिनिटे पडद्याकडे पाहत बसलो होतो. शेजारी बसलेले मामा, ज्यांनी पंचवीस वर्षे तांडेल म्हणून बोट चालवली, त्यांनी खेळात पहिल्यांदा लक्ष घातले ते या क्षणी. ते म्हणाले, “खण भरले की असंच होतं. बर्फ कमी पडतो, मासा जास्त पडतो. ते बारके टाक, हा मोठा घे.” मी त्यांचे ऐकले आणि ते बरोबर ठरले.

पडद्यावरच्या घड्याळाची रचना इतकी नेमकी आहे की तिच्याविषयी सविस्तर सांगितलेच पाहिजे. वेळ सदासर्वदा धावत नाही. बोट चालू असेल, गळ टाकलेला असेल, काही उपसत असाल, तरच काटा पुढे सरकतो. तुम्ही बोट थांबवून विचार करत असाल तर समुद्रही थांबतो. मासा धरताना पडद्यावर एक चक्र फिरते आणि काटा हिरव्या पट्ट्यात आला की बटण दाबायचे असते. गंमत अशी की बटण दाबलेच नाही तरी मासा हाती येतोच, फक्त उशिरा येतो. म्हणजे चुकीची शिक्षा मासा निसटण्यात नाही, ती वेळ जाण्यात आहे, आणि या खेळात वेळ म्हणजे उजेड. दुपारी चार वाजता तुमच्याकडे दोन पर्याय असतात, परत फिरायचे किंवा आणखी एका ठिकाणी गळ टाकून पाहायचा. बहुतेक वेळा माणूस गळ टाकतो, आणि दिवस मावळतो.

अंधार पडल्यावर खेळ बदलतो. पडद्याच्या वरच्या बाजूला एक डोळा दिसू लागतो आणि झोप न घेता, दिव्याविना जितका वेळ बाहेर राहाल तितका तो अस्वस्थ होऊन इकडेतिकडे फिरू लागतो. दिवसा जिथे मोकळे पाणी होते तिथे खडक उभे राहतात. कावळे येऊन बोटीतला मासा पळवतात. पाण्याखालून काहीतरी मोठे सरकत जाते, आणि ते खरे आहे की मनाचा खेळ हे सांगता येत नाही. बोट खडकाला घासली तर पोटातले एक घर निकामी होते आणि तिथे ठेवलेला मासा पाण्यात जातो. भीती दाखवण्यासाठी रक्त किंवा किंकाळ्या इथे जवळजवळ नाहीत. भीती आहे ती फार लांब आल्याची, आणि दीपगृहाचा दिवा नजरेच्या टप्प्यात नसल्याची.

दिवसा नसलेले खडक रात्री उगवतात ही कल्पना कृत्रिम आहे, असे मला पहिल्यांदा खेळताना वाटले होते. मामांना तसे वाटले नाही. ते म्हणाले, “उगवत नाहीत, पण दिसतात. सुवर्णदुर्गाच्या आसपास मला स्वतःला दिसलेत.” मग त्यांनी नोव्हेंबर २००९ मधल्या फयान वादळाची आठवण सांगितली. ११ तारखेला ते वादळ किनाऱ्याला लागले, आणि त्याआधी बाहेर गेलेल्या बोटींपैकी कितीतरी परतल्या नाहीत हे आमच्या भागात आजही कोणी विसरलेले नाही. मामांची बोट दाभोळच्या खाडीत शिरून वाचली. पाण्यात सोडलेले जाळे ओढून घ्यायला त्यांनी वेळ घालवला नाही, दोर कापला आणि फिरले. ते जाळे नवे होते आणि त्याचे पैसे पुढची दोन वर्षे फिटत होते. हे सगळे ऐकल्यानंतर मी ‘ड्रेज’ वेगळ्या नजरेने खेळू लागलो. ‘आणखी एकदाच’ या मोहावर उभी असलेली त्याची रचना कुणा हुशार माणसाने नुसती युक्ती म्हणून जुळवलेली नाही, समुद्रावर माणसे याच मोहापायी अडकतात हे त्याला माहीत असावे, असे मला ठामपणे वाटते.

इतके कौतुक केल्यावर जे खटकले तेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे. मामांचा पहिलाच प्रश्न होता, “हा एकटाच जातो? मग जाळं ओढायला कोण?” खेळातला मच्छीमार पहिल्यापासून शेवटपर्यंत एकटा आहे. गोष्टीच्या दृष्टीने त्याला कारण आहे आणि ते कारण शेवटी कळतेही, तरी मासेमारी म्हणजे एकट्या माणसाचा आणि समुद्राचा झगडा ही कल्पना आमच्या किनाऱ्यावर पटत नाही. इथे बोटीवर तांडेल असतो, खलाशी असतात, जेवण करणारा असतो, आणि अंधारात जो धीर असतो तो दिव्यापेक्षा शेजारच्या माणसाच्या आवाजाचा असतो. दुसरा खलाशी घेण्याची सोय खेळात असती तर त्याची भीती कमी झाली असती, हे मला मान्य आहे. पण त्या दुसऱ्या माणसाला सुखरूप परत आणण्याची जबाबदारी आली असती तर भीतीची जातच बदलली असती, आणि मला तो खेळ खेळायला जास्त आवडले असते.

दुसरी उणीव भरती-ओहोटीची. या समुद्राला रात्र आहे, धुके आहे, पण पाणी चढत नाही आणि उतरत नाही. आंजर्ल्याच्या खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे आणि ओहोटीला बोट आत घेता येत नाही, भरतीची वाट पाहत बाहेर नांगर टाकून थांबावे लागते. बंदर समोर दिसते आणि तरी गाठता येत नाही, यासारखी हुरहुर दुसरी नाही. घड्याळाचा इतका सुंदर वापर करणाऱ्या खेळाने पाण्याचे हे दुसरे घड्याळ वापरले नाही, याचे मला खरोखर वाईट वाटते.

तिसरी तक्रार बाजाराची. मासा शिळा होत जातो तसा त्याचा दर उतरतो, मोठ्या आकाराला जास्त दाम मिळतो, इथपर्यंत ठीक आहे. मात्र घेणारा एकच आणि भाव ठरलेला. हर्णैच्या लिलावात त्याच सुरमईची पाटी साडेचारला एका भावाने जाते आणि आणखी चार बोटी लागल्या की साडेपाचला तिचा भाव पडतो. त्या तासाभरात जे नाट्य असते, त्यातले या खेळात काही नाही.

जाळी आणि सापळे यांच्याविषयी फार लिहिण्यासारखे नाही. जाळे बोटीमागे ओढत न्यायचे, चिंबोऱ्यांचे सापळे टाकून दुसऱ्या दिवशी उचलायचे, दोन्ही कामे सोपी आणि उपयोगी आहेत. एका जागेचा मासा काढून संपवला तर तो पुन्हा भरायला काही दिवस जावे लागतात, ही गोष्ट मात्र नोंदवण्याजोगी आहे, कारण बंदीच्या दोन महिन्यांमागे हेच कारण असते आणि खेळता खेळता मुलांना ते आपोआप कळते. पाच भागांत विभागलेल्या या समुद्रात मला सर्वांत जवळचा वाटला तो ट्विस्टेड स्ट्रँड हा कांदळवनाचा भाग. तिथले अरुंद, वळणावळणाचे पाणी, मुळांच्या कमानी आणि पुढे काय आहे ते न दिसणे, हे सारे पाहताना आंजर्ल्याच्या खाडीत आत, चिखलाच्या वासात होडी वल्हवत गेल्याचे आठवले.

मूळ खेळात पुढे दोन भर पडल्या. ‘द पेल रीच’ हा बर्फाळ प्रदेशाचा भाग नोव्हेंबर २०२३ मध्ये आला आणि तो देखणा असला तरी फार लवकर संपतो. ऑगस्ट २०२४ मधला ‘द आयर्न रिग’ मात्र अवश्य घ्यावा. त्यात आयर्नहेवन नावाची एक कंपनी समुद्रात तेलविहिरीसारखा प्रचंड सांगाडा उभा करते, खोल खणू लागते, आणि समुद्राच्या तळातून काळे काहीतरी वर येऊन माशांत विकृती दिसू लागते. खेळणारा या कंपनीला साहित्य पुरवतो, त्या बदल्यात चांगली अवजारे घेतो, आणि समुद्र बिघडतो आहे हेही उघड्या डोळ्यांनी पाहतो. खेळ या ठिकाणी उपदेश करत नाही. मोठा प्रकल्प आला की किनाऱ्यावरच्या घरांत होणाऱ्या चर्चा ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांना या भागातली प्रत्येक खरेदी जड जाईल.

मासेमारीचाच दुसरा गाजलेला खेळ म्हणजे कोरियातील मिंटरॉकेटचा ‘डेव्ह द डायव्हर’. तोही २०२३ चाच, आणि त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये त्यात ‘ड्रेज’मधले काही मासे आणि धुके आणणारी एक मोफत भर पडली, म्हणून त्याचा उल्लेख इथे आवश्यक आहे. दिवसा पाण्यात बुडी मारून मासे धरायचे आणि रात्री तेच मासे सुशीच्या हॉटेलात वाढायचे, अशी त्याची मांडणी आहे. मासा कसा धरला यावर त्याची प्रत ठरते, म्हणजे गोळी घालून मारलेल्यापेक्षा जाळ्यात जिवंत धरलेला मासा चांगला. ही बारकाई मला भावली. धरलेला मासा ताटात जाईपर्यंत त्याची सोबत करणारा दुसरा खेळ माझ्या पाहण्यात नाही. पण मधल्या टप्प्यावर तो इतकी नवी कामे, इतके छोटे खेळ, इतकी माणसे गळ्यात घालतो की समुद्र बाजूला राहतो. घरातल्या लहानथोरांनी मिळून हसतखेळत खेळायचा तर ‘डेव्ह’, आणि पावसाच्या रात्री एकट्याने बसून खेळायचा तर ‘ड्रेज’, असे मी सांगेन.

आता कोणत्या यंत्रावर खेळावा याविषयी. मी पहिल्यांदा तो लॅपटॉपवर खेळलो आणि यंदा फोनवर. फोनवरचे चित्र स्वच्छ आहे आणि बोटाने मासे सरकवून पोटात रचण्याचे काम तर बटणांपेक्षा बोटानेच जास्त सहज होते. नौका वळवताना मात्र अंगठ्याखाली समोरचा खडक झाकला जातो. यासाठी मी तालुक्याच्या एका दुकानातून कंट्रोलर, म्हणजे हातात धरून खेळायचे बटणांचे आणि काड्यांचे साधन, आणला. आठव्या दिवशी त्याची डावी काडी आपोआप एका बाजूला ओढू लागली आणि बदलून देण्याविषयी दुकानदाराने शेवटपर्यंत दाद दिली नाही, म्हणून कंट्रोलर घ्यायचा तर पावती आणि हमीचा कागद जपून ठेवावा. एकदा उतरवून घेतला की हा खेळ एकट्यानेच खेळायचा आहे, त्यात इतर कुणाशी जोडले जाण्याची गरज नाही, आणि जुलैत आमच्याकडे नेटवर्कची जी अवस्था असते ती पाहता हा गुण लहान नाही. बोट धक्क्याला लागली की खेळ आपोआप सेव्ह होतो. लॅपटॉपची बॅटरी गेलेली असताना एका रात्री वीज गेली आणि धक्क्यापासून जेमतेम शंभर हात अंतरावर असलेली माझी बोट, तिच्यातल्या पूर्ण दिवसाच्या मासळीसह, नाहीशी झाली. तेव्हापासून आभाळ गडगडू लागले की मी आधी धक्का गाठतो.

‘ड्रेज’वर चित्रपट काढण्याचे २०२४ मध्ये जाहीर झाले आहे. मी तो पाहीन, पण मला त्यातून फार अपेक्षा नाही. राक्षसी मासे आणि धुके पडद्यावर उत्तम दिसतील. तीन घरांच्या जागेत चार घरांचा मासा बसवताना जो निर्णय स्वतः घ्यावा लागतो, तो खुर्चीत बसलेल्या प्रेक्षकाला घेता येणार नाही, आणि या गोष्टीचा जीव त्या निर्णयात आहे.

भाषेचे दुःख शेवटी सांगतो, कारण ते सर्वांत मोठे आहे. या खेळात बोलके संवाद नाहीत, सारे काही वाचावे लागते, आणि वाचण्याच्या भाषांत मराठी नाही, हिंदीही नाही. आपल्याकडे काही होत नाही असे म्हणता येत नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी’ हा खेळ केला आणि त्यातले राजस्थानी वाडे आणि पहाडी चित्रशैलीतले प्रसंग जगाने पाहिले. पुण्यात हे होऊ शकते तर रापणीचा दोर, उधाणाचे पाणी आणि भर समुद्रातला सुवर्णदुर्ग एखाद्या खेळात दिसावा, ही इच्छा अवास्तव नाही. तोवर आमच्या घरी वेगळी सोय झाली आहे. माझा नववीतला भाचा हा खेळ पॅसिव्ह मोडमध्ये, म्हणजे राक्षसी जीव हल्ला करत नाहीत अशा पद्धतीने खेळतो. खेळातल्या माशांच्या यादीत नवा मासा आला की तो फोन मामांपुढे धरतो, मामा चष्मा लावून चित्र निरखतात आणि आपल्याकडचे नाव सांगतात, आणि भाचा ते वहीत लिहून घेतो. मॅकरलपुढे बांगडा लागलीच लिहिला गेला, स्क्विडपुढे म्हाकूल, ईलपुढे वाम. कॉडवर बराच वेळ विचार झाला आणि शेवटी आपल्याकडे तो नाही असे ठरले. अगदी खोल पाण्यातल्या माशांसाठी भाच्याने स्वतःच नावे बनवायला सुरुवात केली होती, पण मामांनी ती खोडायला लावली. ते म्हणाले, तिथे आपल्यातलं कोणी गेलेलं नाही, जाईल तो नाव ठेवील. ती पाने वहीत सध्या कोरी आहेत.